मीठ खाणारे जंतु कीं मिठांत राहणारे?

गेल्या ज्येष्ठांत, पावसाचे पहिले शिंतोडे पडून गेल्यावर, निफाड तालुक्यांतील आमचे मेहुणे एके दिवशीं भल्या सकाळीं आमच्या इंदिरानगरांतील घरीं आले. गोदावरी कालव्याच्या एका चारीखालीं त्यांची साडेतीन एकर जमीन आहे. पैकीं एक एकर पांढरी फुटून चार-पांच वर्षें पिकेनाशी झाली आहे. येतांना त्यांनीं एक पत्रक बरोबर आणिलें होतें. त्यांत असें छापिलें होतें कीं, लोणार सरोवरांतील मिठावर जगणारे जंतु प्रयोगशाळेंत वाढवून डब्यांत भरले आहेत. ते जमिनींत सोडिले असतां तेथील क्षार खाऊन टाकतात व दोन हंगामांत जमीन गोड होते. वर सरोवराच्या गुलाबी पाण्याचें सुंदर चित्र होतें. पांच लिटरच्या एका डब्याची किंमत साडेतीन हजार रुपये, आणि एकरीं डबे दोन. "दाजी, तुमचा जन्म कागद वाचण्यांत गेला. एवढा कागद वाचून सांगा, डबे घेऊं कीं नको?" असें त्यांनीं विचारिलें.

आम्हांस हंसूं आलें नाहीं. कारण तीन वर्षांपूर्वीं तसेच दोन डबे आम्हीं स्वतः पदरचे पैसे मोजून घेतले होते, व त्या वेळीं कोणास विचारण्याची बुद्धि आम्हांस झाली नव्हती. त्याच शिवारांत आमची वडिलोपार्जित एक एकर जमीन आहे. तिलाही तोच रोग. डबे ओतले त्या वर्षीं पाऊस भरपूर झाला आणि गहूं बरा उगवला. आम्हीं चार ठिकाणीं डब्यांची तारीफ केली. पुढील वर्षीं पाऊस ओढला, पांढरें पुन्हां फुटलें, आणि गव्हाचीं रोपें वीतभर होऊन टोंकांशीं करपलीं. तारीफ ऐकून ज्यांनीं डबे घेतले त्यांतील एक गृहस्थ अद्याप आमच्याशीं नीट बोलत नाहींत. ही चूक आमच्या पदरीं असल्यामुळेंच या विषयावर लिहिण्याचा थोडा अधिकार आम्हांस आहे असें आम्ही समजतों.

त्या पत्रकांतील सगळेंच खोटें नाहीं, हीच खरी अडचण आहे. लोणारांत मिठाचे जीव आहेत हें खरें. त्यांच्यामुळें पाणी गुलाबी झालें हेंही खरें. परंतु जो जीव मिठांत राहतो तो मीठ खातो, हें मात्र त्यांतून निघत नाहीं. मासा पाण्यांत राहतो म्हणून कोणी विहीर उपसण्यासाठीं मासे सोडीत नाहीं. तेव्हां आधीं हे जीव काय आहेत तें पाहूं. मग डब्याचा हिशेब करूं.

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर म्हणजे आकाशांतून पडलेल्या अशनीनें काळ्या पाषाणांत केलेलें विवर होय. त्याचा व्यास सुमारें १८०० मीटर आहे. आंत येणाऱ्या पाण्यास बाहेर जाण्यास वाट नाहीं. पाणी येतें, उन्हानें आटतें, आणि त्याबरोबर आलेला क्षार मागें राहतो. वाचकांनीं हें एक वाक्य लक्षांत ठेवावें, कारण पुढें आपल्या शेताकडे वळूं तेव्हां तें पुन्हां लागणार आहे. तेथील पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो, म्हणजे तें जवळजवळ सोड्याचें पाणीच होय. २०२० सालच्या जून महिन्यांत हें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंत नमुन्यांची तपासणी झाली, तेव्हां हा रंग लवणप्रिय सूक्ष्म जीवांचा आहे असें आढळलें. उन्हाळ्यानें पाणी आटून खारटपणा वाढला होता, टाळेबंदीमुळें माणसांची वर्दळ थांबली होती, व त्या जीवांस मनासारखा हंगाम मिळाला. काढून आणिलेलें पाणी कांहीं दिवस स्थिर ठेविलें असतां रंग तळाशीं बसून वरचें पाणी नितळ झालें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत लोणारचें नांव रामसर यादींत गेल्याचें जाहीर झालें. आपल्या जिल्ह्यांतील नांदूरमध्यमेश्वराचें नांव त्याच वर्षाच्या जानेवारींत जाहीर झालें होतें. राज्यांतील तें पहिलें. म्हणजे एकाच वर्षीं दोन पाणथळी मान पावल्या: एक मीठ सांठवून बसलेली, आणि दुसरी, जिच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या पाण्याबरोबर आमच्या शेतांत मीठ येतें ती.

लोणार दूर आहे असें वाटत असेल तर उरण किंवा भाईंदरकडील मिठागरें पाहावीं. समुद्राचें पाणी एका वाफ्यांतून दुसऱ्यांत घेत घेत दाट करितात. मीठ धरण्याच्या सुमारास शेवटच्या वाफ्यांतील पाण्यावर तांबूस छटा येते. तो रंग याच कुळांतील जीवांचा. त्यामुळें पाणी ऊन अधिक शोषतें आणि लवकर आटतें. गोव्यांतील मिठागरांतून हे जीव काढून गोवा विद्यापीठांत त्यांचा अभ्यास झालेला आहे. मीठ लावून ठेविलेल्या मासळीवर आणि कच्च्या कातड्यांवर जो तांबडा डाग पडतो तोही त्यांचाच. मीठ लाविलें कीं कांहीं कुजत नाहीं, अशी आपली समजूत. परंतु मिठांतच ज्याचें घर, त्याला मीठ काय करणार?

या जीवांस जुन्या पुस्तकांत बॅक्टेरिया म्हणत, व म्हणूनच त्यांतील प्रसिद्ध जातीचें नांव हॅलोबॅक्टेरियम असें पडून गेलें. १९७७ सालीं अमेरिकेंत कार्ल वूझ व जॉर्ज फॉक्स यांनीं निरनिराळ्या सूक्ष्म जीवांच्या रायबोसोममधील आरएनएची तुलना केली, आणि बॅक्टेरिया म्हणून गणलेला एक मोठा गट मुळांत बॅक्टेरिया नव्हेच असें दाखविलें. या गटास आतां आर्किया म्हणतात, आणि मिठाचे हे जीव त्यांतलेच. आमच्या खात्याच्या भाषेंत सांगावयाचें तर, पिढ्यान्‌पिढ्या एकाच खात्यावर चढलेले दोन खातेदार मूळचे एका कुळाचे नव्हतेच, हें जुना फेरफार काढल्यावर उघडकीस आलें. तोंडवळा सारखा, राहणी सारखी, आणि कूळ निराळें.

आतां मुख्य गोष्ट. मीठ बाहेर दाट असेल तर तें पेशींतील पाणी ओढून घेतें. खारवट जमिनींत पाणी असूनही रोप कां सुकतें, त्याचें कारण हेंच. मिठांत टिकून राहण्याचे उपाय दोन आहेत. एक असा कीं, मीठ बाहेर ठेवावें आणि आंत साखरेसारखें कांहीं निरुपद्रवी द्रव्य भरून तोल सांभाळावा. पुष्कळ बॅक्टेरिया व कांहीं वनस्पति असें करितात. दुसरा उपाय धाडसाचा: बाहेर जेवढा खारटपणा, तेवढाच आंतही भरून घ्यावयाचा. हॅलोबॅक्टेरियमनें हा दुसरा मार्ग पत्करिला आहे. मात्र आंत भरतो तो क्षार बाहेरचा नव्हे. बाहेर सोडियम क्लोराईड, म्हणजे आपलें जेवणांतलें मीठ. आंत पोटॅशियम क्लोराईड. शेतकऱ्यास हें द्रव्य नवें नाहीं. आपण गोणीनें आणतों तें म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे हेंच. सोडियम आंत शिरला तर हा जीव तो पंपानें उपसून बाहेर टाकीत राहतो आणि पालाश आंत घेतो. ज्याला मीठ खाणारा म्हणून विकतात, तो सोडियम खात तर नाहींच, उलट दाराबाहेर लोटण्यासाठीं रात्रंदिवस खपत असतो!

इतका पालाश आंत भरला तर दुसऱ्या कोणत्याही पेशींतील प्रथिनें गोळा होऊन निकामी होतील. यांचीं होत नाहींत, कारण त्यांची घडणच निराळी आहे. २००० सालीं हॅलोबॅक्टेरियमच्या एका वाणाचा संपूर्ण डीएनए वाचून झाला. त्यांत पंचवीस लक्षांहून अधिक अक्षरें निघालीं, आणि त्यावरून घडणारीं प्रथिनें बहुतांशीं आम्लधर्मी आहेत असें दिसून आलें. अशा प्रथिनाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्‌भार असलेलीं अमिनो आम्लें दाटीनें बसलेलीं असतात. सारखे भार एकमेकांस दूर लोटतात हें शाळेंतील मुलेंही जाणतात. मग प्रथिनाची घडी उलगडत कां नाहीं? तर भोंवतालचे पालाशाचे धन कण आणि त्यांनीं धरून ठेविलेलें पाणी मध्यें पडतें म्हणून. भाऊबंदकीनें फाटलेल्या घरांत पंच बसलेले असतात तोंवर घर एकत्र दिसतें. पंच उठले कीं घर मोडतें. मीठ हे त्या प्रथिनाचे पंच होत. मीठ काढून घ्या, आणि घडी उलगडून प्रथिन निकामी झालेंच.

जी गोष्ट आंतल्या प्रथिनांची तीच बाहेरच्या आवरणाची. तेंही प्रथिनाचेंच असून सोडियमच्या आधारानें उभें असतें. अशा जीवास गोड पाण्यांत टाकिलें तर पाणी आंत घुसतें, आवरण सुटतें, आणि पेशी फुटते. यास दिवस लागत नाहींत, घटकाभरांत होतें. आंतला डीएनए बाहेर पडून पाणी चिकट होतें. मिठागरांतील तांबडें पाणी आणून त्यांत पुरेसें साधें पाणी ओतलें तर हे जीव मरून जातात. त्यांना मारण्यास दुसरें औषध लागत नाहीं.

एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. या जीवाच्या अंगावर जांभळ्या रंगाचे ठिपके असतात. १९७१ सालीं ऑस्टरहेल्ट व स्टोकेनियस यांनीं त्यांत एक प्रथिन शोधून काढलें. तें सूर्याच्या उजेडावर पंपासारखें चालतें आणि पेशीस शक्ति पुरवितें. आपल्या डोळ्यांच्या पडद्यांत अ जीवनसत्त्वापासून झालेलें जें द्रव्य असतें, तेंच यांतही आहे. या प्रथिनांत २४८ अमिनो आम्लें असून त्यांचा क्रम १९७९ सालीं ज्यांनीं लाविला त्यांत डॉ. हरगोविंद खुराना होते. खुराना यांस त्यापूर्वींच, १९६८ सालीं, नोबेल पारितोषिक मिळालें होतें. त्यांचा जन्म पंजाबांतील शंभरेक वस्तीच्या खेड्यांतला, आणि वडील गांवचे पटवारी. त्या गांवांत लिहितां-वाचतां येणारें घर जवळजवळ तेवढें एकच होतें. महसुली दप्तराच्या घरांतून निघालेला मुलगा मिठागरांतील जीवाच्या प्रथिनाचीं अक्षरें लावितो, हें वाचून आमच्यासारख्या जुन्या कारकुनाची छाती थोडी फुगली तर वाचकांनीं क्षमा करावी.

आतां डब्याकडे वळूं. मिठाचा प्रश्न किती खारट या एका अंकावर येऊन ठेपतो, आणि पत्रकांत नेमका तोच अंक नव्हता. समुद्राच्या पाण्यांत लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतो. हॅलोबॅक्टेरियमला वाढण्यास लिटरमागें १७० ग्रॅमांहून कमी मीठ चालत नाहीं, आणि सुखानें वाढावयाचें तर २००–२५० ग्रॅम लागतें. त्याच्या कांहीं भाऊबंद जाति याहून कमी मिठांत निभावतात, पण त्यांतील बहुतेक समुद्राहून खारट पाणी मागतात. आणि आपली जमीन? माती भिजवून काढलेल्या अर्काची विद्युत्‌वाहकता ४ च्या वर गेली कीं तिला क्षारपड म्हणतात; म्हणजे अर्कांत लिटरमागें अवघा अडीच ग्रॅमच्या आसपास क्षार. एवढ्यानेंच द्राक्षाचीं पानें कडेनें जळूं लागतात आणि हरभरा मान टाकतो. हा अंक दहापट झाला तरी लोणारच्या त्या प्रसिद्ध कुळास तो गोडच. ज्या खारटपणांत आपलें पीक कसेंबसें जगतें त्यांत हा जीव फुटून मरतो, आणि ज्यांत हा सुखानें नांदतो त्यांत पीक औषधालाही राहत नाहीं. मग डब्यांत खरोखरच लोणारचे आर्किया असतील तर ते शेतांत पडतांच संपले. आणि शेतांत जगणारे असतील तर ते हे नव्हेत.

क्षणभर असें धरूं कीं डब्यांतले जीव जगतात. चांगल्या जिवाणु-खतांत मिलिलिटरमागें दहा कोटी जीव असतात. दोन डब्यांचे दहा लिटर म्हणजे एक लक्ष कोटी जीव. ऐकावयास संख्या मोठी, पण अशा एका जीवाचें वजन ग्रॅमच्या एक लक्ष कोटीव्या हिश्श्याएवढें. सर्वांचें मिळून वजन झालें एक ग्रॅम. आतां एकराची फूटभर माती धरा. तिचें वजन सुमारें सोळा लक्ष किलो. तींत शेंकडा अर्धा क्षार असेल तर तो होतो आठ हजार किलो. एक ग्रॅम जीव लक्षपट वाढून शंभर किलो झाले, आणि त्यांच्या वजनाचा पाव हिस्सा क्षारच धरला, तरी तो पंचवीस किलो. त्यांतही मुख्य भाग पालाशाचा, सोडियमचा नव्हे. आणि तेही कायमचे कोठें जातात? जीव मेला कीं पेशींतलें सर्व त्याच मातींत परत. साखर, पेंढा, शेण हीं सडून हवेंत विरूं शकतात, कारण त्यांचे घटक वायुरूप होतात. सोडियम हें मूलद्रव्य आहे. तें पचत नाहीं, सडत नाहीं, उडून जात नाहीं. तें शेताबाहेर जाण्यास एकच वाहन आहे, आणि तें म्हणजे वाहतें पाणी.

हा हिशेब आम्हीं तीन वर्षांपूर्वीं केला असता तर आमचे सात हजार रुपये वांचले असते. चौदा वर्षें दुसऱ्यांच्या बेरजा तपासणाऱ्या माणसानें स्वतःच्या पैशाची बेरीज करूं नये, याला काय म्हणावें?

येथें एक अन्याय आमच्या हातून होऊं नये. मीठ सहन करणारे उपयोगी जिवाणु आहेतच. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून क्षारपड जमिनीवर काम करीत आहे, आणि अशा जमिनींतही नत्र बांधणारे व स्फुरद विरघळविणारे जिवाणु तेथें निवडून काढलेले आहेत. कच्छच्या रणांतील मिठांत स्फुरद विरघळविणारे आर्कियाही सांपडले आहेत. हे जिवाणु पिकाच्या मुळाशीं राहून त्याला मिठाचा ताण सोसण्यास मदत करितात. ती मदत घ्यावी. पण ती आजाऱ्याला दिलेली पेज आहे, रोगावरचा उतारा नव्हे. पेज विकणारानें ती पेज म्हणून विकावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे. ज्या विक्रेत्याच्या पत्रकांत माती-परीक्षणाचा शब्द नाहीं आणि निचऱ्याचा शब्द नाहीं, त्याचा डबा दारांतूनच परत करावा असें आमचें स्पष्ट मत आहे.

मग मीठ आलें कोठून? पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें अर्ध्या ग्रॅमपर्यंत क्षार उत्तम समजतात. असें गोड पाणी एका एकराला एक इंच दिलें, तर तें होतें एक लक्ष दोन हजार लिटरांहून अधिक, आणि त्याबरोबर एक्कावन्न किलो क्षार शेतांत येतो. उसाला वर्षाकाठीं ऐंशीं इंच पाणी दिलें तर चार हजार किलो! कालव्याचें पाणी याहून गोड असतें आणि विहिरीचें पुष्कळदां याहून खारट. सरासरी ज्यानें त्यानें आपल्या पाण्याची काढावी. पीक पाणी पितें, क्षार बहुतेक सगळा मागें ठेवितें. खालून निचरा असेल तर तो पावसाबरोबर खालीं जातो. निचरा नसेल तर पाण्याची पातळी वर येते, ऊन तें पाणी ओढतें, आणि क्षार माथ्यावर बसतो. आंत येणाऱ्या पाण्यास बाहेर वाट नाहीं, हें लोणारचें वाक्य वाचकांस आठवत असेल. निचरा नसलेलें बागायती शेत म्हणजे फूटभर खोलीचें लोणार होय.

ही गोष्ट आज कळली असेंही नाहीं. नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. १९१० सालीं, म्हणजे पुरीं तीस वर्षें होण्याच्या आंत, डॉ. हॅरल्ड मॅन व तम्हाणे यांना नीरा खोऱ्यांतील खारावलेल्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. डॉ. मॅन हे पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रमुख होते. आपले गोदावरीचे कालवेही शंभरी ओलांडून गेले. शंभर वर्षांत पाणी आणण्याच्या चाऱ्या कोपऱ्याकोपऱ्यांत गेल्या. पाणी नेण्याचे चर मात्र जेथें होते तेथेंही बुजले. पाटाच्या पाळीवरून रात्रीं काठ्या घेऊन जाणारे शिवारांत पुष्कळ, पण चराच्या गाळासाठीं कुदळ घेऊन निघालेला माणूस आम्हीं क्वचितच पाहिला.

आणि यांत आमचाही वांटा आहे. कचेरींत असतांना पीकपाहणीच्या नोंदी तपासण्याचें काम चौदा वर्षें आमच्याकडे होतें. त्याच त्या गटांच्या पुढें आधीं 'ऊस', मग 'गहूं', मग 'गवत', आणि शेवटीं 'पड' असा शेरा येत गेला. गट एकमेकांस लागून होते, आणि दर वर्षीं 'पड' एकेक गट पुढें सरकत होती. नकाशा उघडून पाहिला असता तर ती नाल्याच्या ज्या जागीं बांध पडला होता तेथूनच वर चढत आहे, हें पोरालाही दिसलें असतें. आम्हीं नकाशा उघडला नाहीं. रकाना भरला आहे ना, तारीख आहे ना, सही आहे ना, एवढें पाहून लाल टीक केली. त्यांतला एक गट आमच्या वडिलांच्या नांवाचा होता.

उपाय काय, तो थोडक्यांत सांगतों, कारण या मासिकांत तो पूर्वीं पुष्कळदां येऊन गेला आहे. प्रथम माती तपासावी. नुसती खारवट जमीन, जी पांढरी फुटते पण भुसभुशीत राहते, तिला पाणी आणि निचरा पुरे. चोपण जमीन, जी ओली असतां साबणासारखी आणि वाळली असतां दगडासारखी होते, व जिचा सामू साडेआठाच्या वर असतो, तिला परीक्षणाप्रमाणें जिप्सम द्यावें लागतें; मग ताग किंवा धैंचा गाडावा. खारवट जमिनीस जिप्सम टाकून उपयोग नाहीं, तरी लोक टाकतात. निचरा मोकळा असेल तर फूटभर पाणी फूटभर मातींतून खालीं उतरतांना तींतील सुमारें ऐंशीं टक्के क्षार धुऊन नेतें, असा आडाखा आहे. वरच्या आपल्या आठ हजार किलोंपैकीं सहा हजार चारशें किलो झाले! हें काम आषाढ-श्रावणाचा पाऊस फुकट करितो. आमच्या पहिल्या वर्षींचा गहूं याच फुकटच्या पाण्यानें आला होता, आणि श्रेय आम्हीं डब्यास दिलें.

परंतु चर एकट्याचा होत नाहीं. आमच्या शेताचें पाणी काढावयाचें तर तें खालच्या दोघांच्या बांधांतून जाणार, आणि नाल्याचें तोंड तिसऱ्यानें बुजविलेलें. डबा एकट्यास घेतां येतो, म्हणूनच तो खपतो. आमच्या मतें आपल्या संघानें यापुढें जिवाणूंच्या डब्यांची एकत्रित खरेदी करण्याचा जो विचार चालविला आहे तो थांबवावा, आणि तेवढ्याच रकमेंत एका शिवारांतील निचऱ्याची मोजणी करून घ्यावी. कोणत्या गटांत पाण्याची पातळी किती फुटांवर आहे, नाला कोठें बुजला आहे, आणि तो मूळ नकाशावर किती रुंद होता, हें तीन रकाने भरले तरी पुष्कळ झालें. लेखणीचें हें काम आम्ही विनामोबदला करूं.

मेहुण्यांनीं डबे घेतले नाहींत. आमच्या शेतांत मागच्या वैशाखांत तिघांनीं मिळून जेसीबीनें चर खणविला होता. ज्यानें नाला बुजविला होता त्याची समजूत काढण्यास मात्र खणण्याहून अधिक दिवस लागले. तो चर दाखविण्यास आम्ही त्यांना श्रावणांत घेऊन गेलों. रात्रीं पाऊस होऊन गेला होता. चर जेथें नाल्यास मिळतो तेथें मनगटाएवढी धार वाहत होती. मेहुण्यांनीं ओंजळींत पाणी घेऊन जिभेला लाविलें आणि थुंकून टाकलें.

"दाजी, हें खारट आहे."

"असावयासच पाहिजे."

"मग हें जातें कुठें? खालच्यांच्या विहिरींतच ना?"

याचें उत्तर आम्हीं त्या वेळीं लगेच दिलें नाहीं. नंतर तिघांनीं बसून असें ठरविलें कीं, नाला व नदी भरून वाहत असेल तेवढेच दिवस चराचें तोंड मोकळें ठेवावें. पाऊस थांबून नाल्याची धार बारीक झाली कीं तोंडाशीं फळी टाकावी. फळी आमच्याकडे आहे. ती केव्हां टाकावयाची तें खालच्या विहिरींच्या मालकांनीं सांगावें, असें त्यांस कळविलें आहे.